वंशवृक्ष: श्रोत्रींचा नियम श्रोत्रींना लावला तर?

कोरा_कागद (धागाकर्ती)

आधीच सांगते, या धाग्यात गोष्टीचा शेवट फुटणार आहे. ज्यांना आधी वाचायचं-बघायचं आहे त्यांनी वाचनखूण साठवून इथूनच परत फिरावं.

२०२५च्या सप्टेंबरात कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले त्या आठवड्यात पुण्याहून आईचा फोन आला. त्यांची 'वंशवृक्ष' कादंबरी काढून बसलेय म्हणाली. तिची ती प्रत मी लहानपणापासून पाहतेय. उमा कुलकर्णींचा अनुवाद, वर खाकी कव्हर, आत एका पानावर हळदीच्या बोटाचा ठसा. मी ती कॉलेजात असताना वाचली आणि शेवटी रागाने कॉटवर फेकली होती. राग कात्यायनीसाठी. विधवा झाली, शिकली, प्रेमात पडली, दुसरं लग्न केलं, एवढंच ना? मग पोटातली मुलं एकामागून एक का जावीत तिची? पहिल्या लग्नाचा मुलगा समोर वर्गात येऊन बसतो आणि आई म्हणून ओळखायला तयार नाही. झिजून झिजून मरते बिचारी. तिकडे सासरे श्रोत्री मात्र पानापानाला उंच होत जातात. लेखकाने तिला शिक्षा केली, असं मी तेव्हा आईला ठणकावून सांगितलं होतं. आई म्हणाली, "चाळिशीनंतर परत वाच."

चाळिशी उलटली. परत वाचली नाही, पण सिनेमा पाहिला. १९७१चा, कृष्णधवल, ब. व. कारंत आणि गिरीश कर्नाड या दोघांनी मिळून केलेला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या बंगळुरूत आहोत. शेजारच्या आंटी अठ्ठ्याहत्तरच्या, माहेर नंजनगूडच्या अलीकडचं. गोष्ट घडते तीच ही नंजनगूड, कपिला नदीच्या काठची. नेटवर एक प्रत सापडली, चरे पडलेली, आवाज मधूनच बुडणारा, सबटायटलांचं नाव नाही. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं: एष्टु, बेडा, स्वल्प कम्मी माडी. पण गोष्ट पाठ, आणि बाजूला आंटी.

कात्यायनी मुलाला त्या घरात ठेवून निघते त्या जागी आंटींनी शेंगा सोलायचं थांबवलं आणि टीव्हीला उद्देशून म्हणाल्या, "मगूना एत्कोळ्ळे." मुलाला उचल गं. त्यांनी हा सिनेमा चारदा तरी पाहिलाय, ती उचलत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "श्रोत्री चांगले आहेत गं. पण चांगल्या माणसाच्या घरातून बाहेर पडणं फार अवघड."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सासरा दुष्ट असता तर ती मूल घेऊन रात्रीच पळाली असती. तो म्हणतो, तुझ्या मनाला पटत असेल तर ने. आणि तिथेच तिचे हात लुळे पडतात. एवढी शांत जबरदस्ती मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेली नाही.

तर प्रश्न असा: भैरप्पा कात्यायनीला शिक्षा करतात की श्रोत्रींना? माझं मत आता डळमळीत झालंय. बोला.

*

बेळगावी_कुंदा

वा! बऱ्याच दिवसांनी कन्नड सिनेमावर धागा आला. आमच्यात घरी मराठी आणि गल्लीत कन्नड, त्यामुळे हे सगळं आपलंच वाटतंय बघा.

थोडी माहिती टाकतो, नंतर भांडू. निर्माते जी. व्ही. अय्यर. आधल्याच वर्षी 'संस्कार' येऊन गेला होता, कर्नाड त्यात प्राणेशाचार्य. कन्नडमध्ये साहित्यावरून गंभीर सिनेमे करायची लाट आली ती तिथून. 'वंशवृक्ष'ला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, कारंत-कर्नाड दोघांना मिळून. श्रोत्री झालेत वेंकटराव तळेगेरी, कात्यायनी एल. व्ही. शारदा. आणि एका लहान भूमिकेत जो कोवळा पोरगा दिसतो ना, तो पुढचा विष्णुवर्धन! नंतर 'नागरहावु'ने तो हिरो झाला आणि मग कर्नाटकात त्याची पोस्टरं दुधाने न्हायली. तेलुगूत दिग्दर्शक बापूंनी १९८०मध्ये हीच गोष्ट केली, त्यात अनिल कपूर नायक. खोटं वाटेल, पण खरं आहे.

आणि मराठी माणसाने कॉलर ताठ करावी अशी गोष्ट: संगीत भास्कर चंदावरकरांचं.

*

मुक्कामपोस्ट

चंदावरकर! हे माहीत नव्हतं. आम्हाला ते 'घाशीराम'पुरते ठाऊक.

*

तळटीप

धागा आवडला. पण "शिक्षा" हा शब्दच मला चुकीचा वाटतो, का ते सांगतो. जरा लांबेल.

कात्यायनी मुलाला न्यायला येते तेव्हा श्रोत्रींची भूमिका साधारण अशी: मूल आईचं नाही, बापाचंही नाही, ते वंशाचं. हे त्यांच्या पदरचं नाही. धर्मशास्त्रात बी आणि शेत असा जुना खल आहे. शेत ज्याचं, पीक त्याचं. बी कुणाचं का असेना. सून ज्या घरात दिली त्या घराचं ते मूल. ती शेत सोडून गेली म्हणून पीक उपटून नेता येत नाही.

आता कादंबरीचा शेवट आठवा. म्हातारपणी जुन्या कागदपत्रांवरून श्रोत्रींना कळतं की आपण आपल्या वडिलांच्या रक्ताचे नाहीच. वडिलांना मूल होण्यासारखं नव्हतं. भाऊबंदकी होती. इस्टेट भावाच्या घशात जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या पुरुषाकडून वंश चालवून घेतला. ज्या वंशासाठी आयुष्यभर संयमाने राहिलो, बायकोने स्वतः सुचवूनही घरातल्या मोलकरणीला, लक्ष्मीला, हात लावला नाही, सुनेकडून नातू ठेवून घेतला, तो वंश रक्ताने आपला नाहीच. बहुतेक वाचक इथे म्हणतात, बघा, नियतीने म्हाताऱ्याची कशी जिरवली.

पण थांबा. श्रोत्री वेदशास्त्र जाणणारे आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत, त्यांत औरसाच्या पाठोपाठ दुसरा क्षेत्रज, म्हणजे नियोगाने, दुसऱ्या पुरुषाकडून बायकोला झालेला. धृतराष्ट्र आणि पंडू क्षेत्रजच, त्यांना कुणी कुरुवंशाबाहेर काढलं नाही. म्हणजे जो नियम श्रोत्रींनी सुनेला लावला, तोच स्वतःला लावला तर ते शंभर टक्के श्रोत्रीच ठरतात! शेत श्रोत्रींचं, पीक श्रोत्रींचं. पळवाट समोर उघडी होती आणि ती त्यांना आपल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक होती.

ते ती वापरत नाहीत. इस्टेट वाटून टाकतात आणि घर सोडतात. माझा प्रश्न असा आहे की का?

*

रेवडी

+१. हे असं डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

*

चष्मेबद्दूर

तळटीप, शास्त्रार्थ मस्त, पण त्याच नवव्या अध्यायात नियोगाला परवानगी देऊन चार-पाच श्लोकांनंतर त्यालाच पशुधर्म म्हटलंय, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. :) त्यामुळे "शंभर टक्के" जरा मागे घ्या.

*

तळटीप

मागे घेतो. नव्वद टक्के. पण मुद्दा टिकतो. भैरप्पांनी पुढे १९७९मध्ये 'पर्व' लिहिलं, तिथे नियोग हा सबंध महाभारताच्या मुळाशी आणून ठेवला. म्हणजे हे बीज त्यांच्या मनात 'वंशवृक्ष'पासूनच होतं.

*

कोरा_कागद

@तळटीप, तुमच्या "का" वर दोन दिवस विचार करतेय. कणीक मळताना एक सुचलं. श्रोत्रींना रक्ताने मोडलं नाही, हेतूने मोडलं. वंश चालावा म्हणून केलं असतं तर शास्त्राने झाकून घेतलं असतं. पण ते केलं भावाला जमीन मिळू नये म्हणून. ज्याला आपण धर्म म्हणत आलो तो मुळात सातबाऱ्याचा भाग होता. हे कळल्यावर जमीनच आधी वाटून टाकणं भाग होतं. इतर कुठलंही प्रायश्चित्त उथळ झालं असतं.

*

तळटीप

झालं, धाग्याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

*

भाऊबंदकी

वकील आहे, त्यामुळे सातबाऱ्याचं नाव निघालं की राहवत नाही.

पुनर्विवाहाचा १८५६चा कायदा आपण शाळेत ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या नावाबरोबर शिकतो. लग्नाला परवानगी मिळाली, टाळ्या. पण त्याचं कलम दोन कुणी शिकवत नाही. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपला, जणू ती मेली. कलम तीन त्याहून बोचरं. पुनर्विवाह झाला की पहिल्या नवऱ्याच्या बापाला, आईला किंवा इतर पुरुष नातलगाला कोर्टात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक मागता येतो. म्हणजे सुधारणेच्या कायद्यातच कात्यायनीचं मूल श्रोत्रींकडे जायची सोय करून ठेवलेली होती. (म्हैसूर संस्थान असल्यामुळे ब्रिटिश मुलखातला कायदा तिथे आपोआप लागू नव्हता, हे कबूल. मी त्या काळाची हवा सांगतोय.)

हे जुनंपुराणं म्हणून हसू नका. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २४ होतं. वारशाचा प्रश्न निघेल त्या दिवशी आधीच वारलेल्या मुलाच्या विधवेने पुनर्विवाह केलेला असेल, तर सासऱ्याच्या मालमत्तेत तिला वाटा नाही. अगदी कात्यायनीच! ते कलम निघालं २००५मध्ये. १८५६चा कायदा रद्द झाला १९८३मध्ये.

माझ्याकडे अजून अशा बायका येतात ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की दुसरं लग्न केलंस तर पोरगं सासरचे ठेवून घेतील, कायदाच तसा आहे. कायदा गेला, त्याची भीती राहिली.

*

निळी_शाई

हा धागा तीन वेळा उघडला आणि बंद केला. लिहूनच टाकते.

माझी आजी कात्यायनी होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, पोटाशी दीड वर्षाचा मुलगा, म्हणजे माझे बाबा. वर्ष १९५१ की ५२. मिरजेकडचं घर, शेती, मोठं कुटुंब. तीन वर्षांनी तिच्या भावाने तिचं दुसरं लग्न लावून दिलं, सांगलीतल्या एका शिक्षकाशी. मूल न्यायचं नाही, या एकाच अटीवर सासरच्यांनी हरकत घेतली नाही. पणजोबांनी आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उलट साडी-चोळी देऊन बोळवण केली. आजी सांगायची, "मारून काढलं असतं तर बरं झालं असतं, मी त्याला काखोटीला मारून पळाले असते." कोरा_कागद, तुमच्या आंटींचं वाक्य वाचून मी उठून पाणी प्यायला गेले ते याच्यासाठी.

बाबांना सांगितलं होतं, आई गेली. आठ-नऊ वर्षांचे असताना यात्रेत कुणीतरी दाखवली, ती बघ तुझी आई. त्यांनी पाहिलं. ती एका लहान मुलीला शेवचिवडा घेऊन देत होती. ते जवळ गेले नाहीत. पुढे बाबांचं लग्न ठरलं तेव्हा आजीला बोलावणं गेलं, ते "सांगलीच्या मावशी" म्हणून. आणि मग आयुष्यभर तेच चाललं. बाबा त्यांच्या आईला मावशी म्हणायचे. समोरसुद्धा. ती पण ओ द्यायची.

सिनेमा मी पाहिलेला नाही आणि बहुतेक पाहणार नाही. कादंबरी बाबांनी वाचली होती. पुस्तक बंद करून एवढंच म्हणाले, "बाईने बरोबर लिहिलंय." भैरप्पा बाप्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा अनुवादिकेचं नाव वाचून म्हणाले असतील. मी दुरुस्त केलं नाही.

*

रेवडी

(काहीच लिहिता येत नाही.)

*

चष्मेबद्दूर

निळी_शाई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

*

गावगाडा

सगळे फार हळवे झालेत म्हणून जरा उलट बोलतो. भैरप्पा परंपरावादी लेखक आहेत, ही काय लपलेली गोष्ट आहे का? कात्यायनीला गर्भपात, झुरणं, मरण. तिकडे सदाशिवराव, कात्यायनीच्या दुसऱ्या नवऱ्याचा भाऊ, तो भारताच्या इतिहासाचे खंड लिहिणारा विद्वान, घरात बायको नागलक्ष्मी असताना सिंहली अभ्यासिकेशी लग्न करतो. त्याला काय होतं? ग्रंथ पूर्ण करायच्या नादात झिजतो, म्हणजे हुतात्माच. बाईने केलं तर अपराधाची टोचणी, पुरुषाने केलं तर ज्ञानसाधना! यातच सगळं आलं. शास्त्रार्थाचं सोनेरी वेष्टण काढा, आत जुनाच लाडू.

*

तळटीप

सदाशिवरावाला लेखक हुतात्मा करतो, हे मान्य नाही. वह्यांमागून वह्या "श्रीराम श्रीराम" लिहीत बसलेली नागलक्ष्मी ज्याने रंगवली, त्याला त्या विद्वानाचा नाकर्तेपणा दिसत नव्हता असं म्हणता? तो ग्रंथ वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढे खंड येतात आणि कुणाच्या त्या वह्या, एवढाच फरक.

*

गावगाडा

वह्या रंगवणं सोपं आहे हो. त्या बाईला उठून काही करताना दाखवलं का? वह्याच लिहायला लावल्या ना शेवटपर्यंत?

*

तळटीप

हा मात्र वर्मी बसला. कबूल.

*

बेळगावी_कुंदा

गावगाडा, तुम्ही म्हणता ते कादंबरीबद्दल चालून जाईल, पण सिनेमा कुणी केलाय ते बघा की. भैरप्पा आणि कर्नाड नंतर दोन ध्रुवांवर गेले. २००६मध्ये टिपू सुलतानावरून पेपरात दोघांची जाहीर जुंपली होती, आमच्याकडे चहाच्या गाड्यांवर बाजू पडलेल्या. पण १९७१मध्ये तेच कर्नाड भैरप्पांच्या कादंबरीचा सिनेमा करायला निघाले. का केला असेल?

माझं एक मत आहे, बघा पटतंय का. कर्नाडांची आई, कृष्णाबाई माहेरची मंकीकर, तरुणपणी विधवा झालेली, पदरी एक मुलगा. नर्सिंगचं शिक्षण घेताना डॉक्टर रघुनाथ कर्नाडांची भेट झाली. विधवेशी लग्न म्हणजे तेव्हा केवढा गहजब, काही वर्षं दोघं तसेच थांबले, शेवटी आर्य समाजाच्या पद्धतीने लग्न. गिरीश हे त्या लग्नाचं अपत्य. जन्म १९३८, आपल्या माथेरानचा.

म्हणजे विधवेनं शिकायला बाहेर पडणं आणि दुसरं लग्न, ही गोष्ट ज्याच्या स्वतःच्या जन्माची गोष्ट आहे, तो माणूस दिग्दर्शकाच्या खुर्चीत. दोघांपैकी एका. त्याच्या घरात कात्यायनी मेली नव्हती, तिने संसार केला होता, पोरं वाढवली होती. आता या नजरेने शारदाबाईंचा चेहरा परत बघा.

*

कोरा_कागद

कुंदा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे जिचा मुलगा कात्यायनीची गोष्ट सांगतोय, ती स्वतःच कात्यायनी, पण दुसऱ्या शेवटाची. आता सिनेमा परत पाहावा लागणार.

*

गावगाडा

ही माहिती दमदार आहे, मान्य. पण दिग्दर्शकाच्या आईवरून सिनेमाचं माप काढणं मला पटत नाही. शेवट बदलला का त्यांनी? नाही ना? मग?

*

बेळगावी_कुंदा

शेवट बदलला असता तर तुम्हीच म्हणाला असता, कादंबरीची वाट लावली. :)

*

मुक्कामपोस्ट

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. कन्नडमध्ये कादंबऱ्यांवर एवढे कौटुंबिक सिनेमे कसे झाले? दिग्दर्शक पुट्टण्णा कणगालांच्या सिनेमांची नावं ऐकतो ती सगळी कादंबऱ्यांवरचीच. 'बेळ्ळिमोड', 'गेज्जे पूजे', 'शरपंजर'. बरं, त्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायका: त्रिवेणी, एम. के. इंदिरा. आपल्याकडे दुपारच्या मासिकांतल्या कादंबऱ्यांवर असं काही झालं नाही.

*

चष्मेबद्दूर

झालंच नाही असं नाही. 'श्यामची आई', 'सिंहासन', 'बनगरवाडी', अलीकडे 'नटरंग', 'शाळा'. पण तुमचा मुद्दा बायकांनी लिहिलेल्या घरगुती कादंबऱ्यांचा असेल तर बरोबर आहे. आपल्याकडे त्या वाचनालयातच राहिल्या. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

*

खाकी_कव्हर

सदस्य होऊन अकरा वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितेय. मी अनुवादाबद्दल बोलते, कारण मराठीत या गोष्टीची पुण्याई त्यावर उभी आहे.

उमाताईंची काम करायची रीत ऐकलीये का? त्या बेळगावच्या. लग्नानंतर कन्नड कानांनी शिकल्या. विरूपाक्ष कुलकर्णी, त्यांचे यजमान, कन्नड कादंबरी मोठ्याने वाचायचे, टेपवर भरून ठेवायचे आणि त्या ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. अनुवाद करायचा तर मजकुरावर डोळे हवेत असं आपण समजतो, इथे कान होते. मला वाटतं म्हणूनच 'वंशवृक्ष'मधली माणसं बोलतात तेव्हा भाषांतराचा वास येत नाही. साहित्य अकादमीने १९८९मध्ये अनुवादाची पारितोषिकं सुरू केली, मराठीतलं पहिलंच याच पुस्तकाला. आणि गंमत म्हणजे कर्नाडांचं आत्मचरित्रही मराठीत त्यांनीच आणलं, 'खेळता खेळता आयुष्य'. दोन ध्रुव मराठीत एकाच टेबलावर आले.

आता एक छोटी तक्रार. "श्रोत्रींच्या घरचं सोवळं" आपण आपल्या नजरेने वाचतो. म्हैसूरकडची मडी, म्हणजे तिकडचं सोवळं, थोडी वेगळी असते. तिथे सोवळ्याचं वाळत घातलेलं धोतर काठीनेच उचलतात. हे सगळं पडद्यावर आहे म्हणे. पुस्तकातून मला ते घर आमच्या वाईच्या घरासारखंच दिसायचं, खाली नदी कृष्णेसारखी. म्हणून सिनेमा पाहायचाय.

*

कोरा_कागद

खाकी_कव्हर, तुमचं नाव बघून आईला फोन केला, तूच का ती म्हणून! नाही म्हणाली. :)

नदीवरून आठवलं. आंटींना घेऊन मागच्या रविवारी नंजनगूडला जाऊन आलो. म्हैसूरपासून पाऊण तास. श्रीकंठेश्वराच्या देवळात ही गर्दी, मुंडण, तुलाभार, आणि दारात नंजनगूडची रसबाळे केळी, सालीवर काळे ठिपके पडल्याशिवाय खायची नाहीत असं बजावून विकतात. नदी मात्र मनातल्यासारखी नव्हती. पायऱ्यांशी शॅम्पूच्या पुड्या, पाणी संथ आणि हिरवट. श्रोत्रींचा मुलगा बुडाला तो पूर इथे कसा येत असेल असं वाटलं. आंटी म्हणाल्या, "आत्ता धरण आहे. तेव्हा नव्हतं." मग त्यांनी पदर खोचला, पायरीवर बसल्या आणि ओंजळीने तीनदा पाणी सोडलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही. परत येताना गाडीत आपणहून म्हणाल्या, त्यांची आत्या. सतराव्या वर्षी विधवा, केस काढलेले, पंचाऐंशीपर्यंत जगली, सगळ्यांची बाळंतपणं केली. "तिला कुणी कॉलेजात घातलं नाही. मग प्रश्नच आला नाही."

*

गावगाडा

हं. हे वाचून एक मान्य करतो. श्रोत्रींनी सुनेला कॉलेजात पाठवलं नसतं तर कादंबरीच घडली नसती. रोज नंजनगूडहून म्हैसूरला गाडीने पाठवणारा सासरा त्या काळात किती घरांत होता? दार त्यांनीच उघडलं आणि उंबऱ्यावर मूल ठेवलं. बाकी माझं मत कायम.

*

भाऊबंदकी

उंबऱ्यावर मूल ठेवलं. हे वाक्य मी कोर्टात ढापणार आहे, आगाऊ सांगतो.

*

तळटीप

अजून एकच गोष्ट आणि मग मी गप्प. शेवटी मरणाच्या दारातल्या कात्यायनीच्या तोंडात तिचा मुलगा पाणी घालतो, तो स्वतःच्या मनाने नाही. श्रोत्री त्याला सांगतात. ज्यांनी मूल वंशाचं म्हणून ठेवून घेतलं, तेच नातवाला आईच्या हवाली करतात, तिच्या शेवटच्या घटकेला का होईना. आणि तेव्हा ते श्रोत्री उरलेले नसतात, संन्यासाला निघालेले असतात. श्रोत्री असताना त्यांना ते जमलं नसतं. मूळ धाग्यातला प्रश्न शिक्षेचा होता. मला वाटतं दोघांचा हिशेब त्या एका घोटात मांडलाय, आणि तो जुळत नाही. पाणी वीस वर्षं उशिरा येतं.

*

कोरा_कागद

@निळी_शाई, विचारू की नको असं झालंय. नको वाटलं तर उत्तर देऊ नका. तुमच्या आजीच्या शेवटी बाबा होते का जवळ?

*

निळी_शाई

होते. सरकारी दवाखान्यात, नऊ दिवस. पाणी डॉक्टरांनी बंद केलेलं, पण ती चहा मागत होती. बाबांनी नर्सची नजर चुकवून खालच्या टपरीवरून आणला, बशीत ओतून फुंकर घालून दोन घोट पाजला. म्हणाले, "मावशी, गोड झालाय का?" ती म्हणाली, "थोडा जास्तच."

*

नवखा_प्रवासी

छान चर्चा. सिनेमाची लिंक मिळेल का कुणाकडे?

*

बेळगावी_कुंदा

व्यक्तिगत निरोप केलाय. आवाज मधे मधे जातोय, हेडफोन लावून बघा.